आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांना सावरायचं कसं, आणि त्याची तयारी आधीच कशी करायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शिक्षक, मुख्याध्यापक, ऑफिसमधले मॅनेजर आणि एचआरवाले, क्लब चालवणारे, धर्मगुरू, डॉक्टर आणि काही झालं की आजूबाजूचे लोक ज्यांच्याकडे आपसूक धावत येतात अशा सगळ्यांसाठी आहे. हे वाचताना तुमच्या स्वतःच्याच मनात मरणाचे विचार येत असतील तर पान बाजूला ठेवा आणि आत्ता कोणाला तरी फोन लावा, घरातलं माणूस, मित्र, डॉक्टर, तुमच्या देशातली हेल्पलाइन, कोणीही चालेल. भारतात असाल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

माणूस तर गेला. आता करण्यासारखं काय उरलं?

खूप उरलंय. मागे राहिलेल्यांची पुढची वर्षं कशी जाणार हे बऱ्याच अंशी आजूबाजूचे लोक पहिल्या दिवसापासून कसे वागतात यावर ठरतं. एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या कामाला पोस्टव्हेन्शन असं नाव दिलं, १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंध केंद्र उभं करणाऱ्यांपैकी ते एक. यात मागे राहिलेल्यांना दुःखात एकटं न सोडणं आलं, त्यांच्यापैकी कोणी त्याच वाटेला जाऊ नये म्हणून डोळे उघडे ठेवणं आलं, आणि शाळा, ऑफिस, वस्ती हळूहळू पुन्हा रुळावर आणणं आलं.

यातली मधली गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत १८ ते ४० वयाच्या जवळजवळ साडेतीन हजार लोकांचा एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. जवळचं माणूस आत्महत्येने गेलं असेल तर स्वतः प्रयत्न करण्याची शक्यता, जवळचं माणूस नैसर्गिक कारणाने अचानक गेलेल्यांच्या तुलनेत साधारण ६५ टक्के जास्त दिसली, आणि नातं रक्ताचं असो की मैत्रीचं, त्यात फरक पडला नाही. म्हणजे मागे राहिलेल्यांची काळजी घेणं हाच पुढचा मृत्यू टाळायचा एक मार्ग आहे, आणि मित्रमैत्रिणींना 'तुम्ही काय घरचे थोडेच' म्हणून बाजूला काढणं किती चुकीचं आहे तेही यातून कळतं.

एका मृत्यूचा परिणाम किती जणांवर होतो?

पूर्वी सहा जणांवर असं सांगायचे, तो श्नाइडमनचाच अंदाज होता. नंतर केंटकी विद्यापीठातल्या ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रत्यक्ष विचारून हिशोब मांडला तेव्हा एका आत्महत्येमागे त्या माणसाला ओळखणारे साधारण १३५ जण निघाले. सगळ्यांनाच सारखा धक्का बसत नाही, काही जण दोन दिवसांत सावरतात, काहींचं आयुष्य उलटंपालटं होतं. पण कोण कुठल्या गटात आहे हे बाहेरून दिसत नाही, हीच अडचण आहे. रोज सकाळी एकाच बसने जाणारा, नाव पण धड माहीत नसलेला सहप्रवासी कधीकधी सख्ख्या चुलतभावापेक्षा जास्त हादरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात, त्याला १३५ ने गुणून बघा.

अजून काही झालेलंच नाही तर आधीपासून प्लॅन कशाला? अशुभ वाटतं.

वाटतं, मान्य आहे, आणि मीटिंगमध्ये हा विषय काढला की लोक खाली बघतात हेही खरं. पण ज्या दिवशी घडतं त्या दिवशी कोणाचंच डोकं चालत नाही. फोन वाजत असतात, अर्धवट बातमी ग्रुपवर पोचलेली असते, मुलं रडत असतात आणि त्याच वेळी पालकांना काय कळवायचं, घरच्यांशी कोण बोलणार, पत्रकार आले तर काय करायचं हे सगळं ठरवायचं असतं. धक्क्यातली माणसं एकतर काहीच करत नाहीत किंवा नको ते सगळं करतात. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की प्रत्येक कम्युनिटीने हा प्लॅन गरज पडायच्या आधी बनवावा, आणि एकाच संस्थेने नाही, शाळा, दवाखाना, पोलीस, धार्मिक संस्था, स्थानिक प्रशासन सगळ्यांनी एकत्र बसून. प्लॅन केल्याने मरण येत नाही. प्लॅन नसला की आलेल्या मरणानंतरचा गोंधळ मात्र नक्की वाढतो.

प्लॅनमध्ये काय काय हवं?

फार जाडजूड फाइल नको, कोणी उघडत नाही ती. दोन-तीन पानं पुरतात पण त्यात माणसांची नावं हवीत, नुसती पदं नकोत. घरच्यांशी बोलणारा एकच माणूस, बाहेरच्यांशी बोलणारा दुसरा, जास्त धोका कोणाला आहे याची यादी ठेवणारा तिसरा, आणि प्रत्येकाला पर्यायी माणूस, कारण ज्याचं नाव लिहिलंय तोच गेलेल्याचा जवळचा मित्र असू शकतो आणि मग त्याच्याकडून कामाची अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. त्याखाली फोन नंबर : जवळचे काउन्सेलर, मानसोपचारतज्ज्ञ, रात्री चालू असणारं हॉस्पिटल, हेल्पलाइन. हे नंबर खरंच लागतात का हे वर्षातून एकदा फोन करून बघायचं. मग दोन-तीन मेसेजचे नमुने तयार ठेवा, शिक्षकांसाठी वेगळा, पालकांसाठी वेगळा, स्टाफसाठी वेगळा, त्या दिवशी फक्त नाव आणि तपशील भरायचे.

आणि एक ओळ जी बहुतेक प्लॅनमध्ये नसते : तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने काय करणार, कोण करणार. ती नसेल तर प्लॅन अर्धा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बातमी कळली. पहिल्या काही तासांत काय करायचं?

आधी खात्री करा. घरच्यांकडून किंवा अधिकृत माणसाकडून कळेपर्यंत 'आत्महत्या' हा शब्द कोणी लिहायचा नाही, बोलायचा नाही. चुकीची बातमी पसरली तर ती परत घेता येत नाही.

मग घरच्यांशी संपर्क, शक्यतो प्रत्यक्ष जाऊन, दोघांनी. चौकशीसाठी जायचं नाही, आम्ही आहोत हे सांगायला जायचं आणि लोकांना काय सांगितलेलं चालेल हे विचारायला. त्यानंतर जे सगळ्यात जवळचे आहेत, पक्का मित्र, मैत्रीण, शेजारच्या टेबलवरचा सहकारी, बहिणीच्या वर्गातली मुलं, त्यांना बाकीच्यांच्या आधी, वेगळं बसवून सांगा. पक्क्या मित्राला ही बातमी शंभर जणांच्या ग्रुपवर वाचायला लागणं यासारखी वाईट गोष्ट नाही. आणि ज्याने किंवा जिने ते पहिल्यांदा पाहिलं त्या माणसाला पोलिसांचं काम संपलं की एकटं घरी पाठवू नका, कोणीतरी सोबत जा, रात्री थांबता आलं तर थांबा.

घरचे म्हणाले 'आत्महत्या होती हे कोणाला सांगू नका'. मग?

मग नाही सांगायचं. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्या भीतीमागे लोकांच्या बोलण्याचा खरा अनुभव असतो. 'अचानक मृत्यू झाला, कारणाबद्दल घरच्यांना सध्या काही सांगायचं नाही, त्याचा आपण मान ठेवू' एवढं म्हणायचं, पण खोटं कारण मात्र बनवायचं नाही. हार्ट अटॅक होता असं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत खरं बाहेर आलं की तुमच्यावरचा विश्वास संपला आणि नेमका तो विश्वास पुढचे महिने लागणार असतो.

बऱ्याचदा सगळ्यांना माहीत असतं आणि फक्त उघड बोललं जात नाही. अशा वेळी घरच्यांना शांतपणे समजावून सांगता येतं की मुलं आधीच याबद्दल बोलतायत, आम्हाला त्यांच्याशी नीट बोलता आलं तर कोणाचा तरी जीव वाचेल. बरेच जण तयार होतात. नाहीच झाले तर त्या मृत्यूचा उल्लेख न करता आत्महत्या या विषयावर आणि मदत कुठे मिळते यावर बोलायचं, तेवढं कोणी अडवू शकत नाही.

लोकांना नक्की कोणत्या शब्दांत सांगायचं?

थोडक्यात, साध्या शब्दांत. असं काहीतरी : 'आपल्यातला अमुक काल गेला. त्याचा मृत्यू आत्महत्येने झाला हे आम्ही त्याच्या घरच्यांच्या परवानगीने सांगतोय. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसतं आणि त्याच्या मनात काय चाललं होतं हे आपल्यापैकी कोणालाच पूर्ण कळणार नाही. तुम्हाला आज जे वाटतंय, दुःख, राग, बधिरपणा किंवा काहीच नाही, ते ठीक आहे. अमुक खोलीत अमुक वेळेपर्यंत बोलायला माणसं बसलेली आहेत, रात्री गरज वाटली तर हा नंबर आहे.'

कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीही सांगायचं नाही, कोणी विचारलं तरी नाही. 'आता तो सुटला', 'शांत झोपला' असलं पण नको, सोळा वर्षांचा जो पोरगा स्वतःच त्रासात आहे त्याला त्यातून वेगळंच ऐकू येतं. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन भित्रा, स्वार्थी, आईबापांचा विचार केला नाही असंही बोलायचं नाही, कारण तसे विचार मनात असलेला माणूस तिथेच मागच्या रांगेत बसलेला असतो आणि ते ऐकून तो ठरवतो की आपण तोंड उघडायचं नाही.

सगळे एकच विचारतात, का केलं? काय उत्तर द्यायचं?

खरं ते : आपल्याला पूर्ण कधीच कळणार नाही. ब्रेकअप, परीक्षा, कर्ज, बॉसशी भांडण, शेवटी जे घडलं त्यालाच कारण म्हणायची लोकांना घाई असते, पण त्यामागे बहुतेक वेळा बरंच काही साचलेलं असतं, डिप्रेशन किंवा दुसरा मानसिक आजार, दारू किंवा नशा, शरीराचं जुनं दुखणं, एकटेपणा, आधी सोसलेला अत्याचार, आणि त्यात एखाद्या वाईट क्षणी मदत हाताशी नसणं. एक कारण ठरवून टाकलं की एक गुन्हेगारही ठरतो, मग ती मैत्रीण, तो शिक्षक, ती सून आयुष्यभर ते ओझं वागवते. त्यामुळे 'कोणामुळे' ही चर्चा जिथे सुरू होईल तिथे कोणीतरी मोठ्या माणसाने ती थांबवायलाच पाहिजे, तिथे गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं आहे.

सगळ्यांना हॉलमध्ये जमवून एकदाच बोलून टाकलं तर चालेल ना?

नको. मोठ्या सभेत एक रडायला लागला की लाट पसरते, कोण जास्त हललंय हे पुढे उभं राहून दिसत नाही, आणि प्रश्न असलेली माणसं दोनशे लोकांसमोर विचारत नाहीत. वर्गावर्गात, टीमटीममध्ये, ओळखीच्या माणसाने छोट्या गटात सांगायचं.

तसंच सगळ्यांना बसवून 'काय पाहिलं, काय वाटलं' हे सक्तीने बोलायला लावणारं एकच एक सेशन घेऊ नका. डीब्रीफिंगची ही पद्धत एकेकाळी फार चालायची पण तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला, आणि जागतिक आरोग्य संघटना ती करू नका असंच सांगते. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार म्हणतात तो साधा प्रकार आहे. कोणाला काय गरज आहे ते बघा, बोलायचं असेल तर ऐका, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या. पाणी, घरी जायची सोय, आईला फोन, या गोष्टी पहिल्या दिवशी मोठ्या भाषणापेक्षा कामाच्या असतात.

एकामागून एक असं होतं म्हणतात, ते खरं आहे का?

हो, विशेषतः किशोरवयीन आणि तरुण मुलांत. रोज होतं असं नाही, बहुतेक वेळा होत नाहीच, पण धोका खरा आहे आणि म्हणूनच एवढा सगळा आटापिटा. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवलं की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आत्महत्येच्या बातम्या झळकल्या की त्यानंतर आत्महत्या वाढतात. पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. व्हिएन्नात १९८० च्या दशकात एका विशिष्ट प्रकारच्या आत्महत्या वाढत चालल्या होत्या आणि बातम्याही रंगवून यायच्या. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी नियम तयार केले, वर्तमानपत्रांनी ते पाळले, आणि त्या प्रकारच्या घटना थोड्याच काळात एकदम खाली आल्या आणि पुढे कमीच राहिल्या. पुढे २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्याच थॉमस निडरक्रोटेन्थालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की संकटातून बाहेर आलेल्या माणसाची गोष्ट छापली तर त्याचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसतो. म्हणजे आपण कसं बोलतो याने फरक पडतो, दोन्ही बाजूंनी पडतो.

कोणाकडे जास्त लक्ष ठेवायचं?

तीन प्रकारची जवळीक डोक्यात ठेवा. एक, घटनेच्या जवळ कोण होतं, ज्याने पाहिलं, ज्याने शेवटचा फोन घेतला, जो शेवटचा भेटला. दोन, नात्याने जवळ कोण, घरचे, मित्र, आणि हो, जिच्याशी मागच्या महिन्यात भांडण झालं ती मैत्रीण पण. तीन, मनाने जवळ कोण, म्हणजे ओळख नसली तरी ज्याला 'हा तर माझ्यासारखाच होता' असं वाटतं, तेच वय, तोच त्रास, तीच परीक्षा. त्यात ज्यांनी आधी प्रयत्न केलाय, ज्यांना डिप्रेशन आहे, ज्यांच्या घरात अलीकडे दुसरं कोणी गेलंय, त्यांची नावं वर ठेवा. तिसरा गट नेहमी सुटतो, कारण तो अंत्यविधीला येत नाही, रडत नाही, कोणाच्याच यादीत नसतो, आणि दोन आठवड्यांनी त्याची हजेरी घसरायला लागते तेव्हा कोणी ते याच्याशी जोडून बघत नाही.

एखाद्याला सरळ 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का' असं विचारलं तर उलट डोक्यात भरवल्यासारखं नाही होणार?

नाही होत. यावर भरपूर संशोधन झालंय आणि विचारल्याने विचार वाढतात असं त्यात दिसलं नाही. बऱ्याच जणांना तर विचारल्यावर सुटल्यासारखं वाटतं, कारण ते एकटेच हे घेऊन फिरत असतात. एकांतात विचारा, घाईत नको, आणि सरळ विचारा, 'तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना' असं विचारलं की समोरचा 'नाही' म्हणणारच, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. उत्तर हो आलं तर घाबरून लेक्चर देऊ नका. ऐका, एकटं सोडू नका, जीवाला धोका होईल असं जे काही आसपास आहे ते त्याच्याशी बोलून लांब ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा काउन्सेलरपर्यंत स्वतः सोबत जा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र कधीच देऊ नका.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं, पण त्यांच्या वयाला झेपेल एवढं. 'बाबा झोपलेत', 'गावाला गेलेत' असलं सांगितलं की मूल झोपायला घाबरतं किंवा वाट बघत बसतं, आणि शाळेतलं दुसरं पोर त्याला एक दिवस खरं सांगतंच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'बाबांच्या मनाला खूप मोठा आजार झाला होता, त्यात त्यांनी स्वतःच्या शरीराला इजा केली आणि ते वारले' एवढं पुरतं. कशी इजा, हे नको. मग ज्या तीन गोष्टी मूल विचारत नाही पण मनात धरून असतं त्या आपणहून सांगा : तुझ्यामुळे झालं नाही, तू काही करून हे थांबवू शकला नसतास, आणि तुझी काळजी घ्यायला आम्ही आहोत. हे एकदा सांगून संपत नाही, वय वाढेल तसे तेच प्रश्न नव्याने येतात, आठव्या वर्षी वेगळे, पंधराव्या वर्षी वेगळे. मूल रडलं आणि दहा मिनिटांत खेळायला गेलं तर ते निर्दयी नाहीये, मुलं दुःख असंच थोडंथोडं करतात.

फोटो लावायचा का? झाड, बाक, स्पर्धेला नाव वगैरे?

यावर सगळ्यात जास्त वाद होतात आणि दोन्ही बाजूंचं प्रेमच असतं. कसोटी एकच ठेवा, अपघाताने किंवा आजाराने कोणी गेलं असतं तर काय केलं असतं, तेवढंच करा. आत्महत्या म्हणून काहीच करायचं नाही हा अपमान आहे, घरच्यांना तो जन्मभर लागतो. आणि आत्महत्या म्हणून जास्त करायचं यातही धोका आहे, कारण कोपऱ्यात बसलेल्या मुलाला दिसतं की जिवंतपणी ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्याच्यासाठी आज अख्खी शाळा रडतेय. म्हणून कायमचं स्मारक, पुतळा, खोलीला नाव, हे शक्यतो टाळा. गेटपाशी लोकांनी फुलं, चिठ्ठ्या ठेवल्या तर लगेच झाडून टाकू नका, थोडे दिवस राहू द्या, मग आधी सांगून घरच्यांकडे पोचवा. मित्रांना काहीतरी करायचंच असतं, आणि ते करू द्यायला हवं, नाहीतर ते अडवणाऱ्यावरच राग निघतो. आठवणींची वही, एखाद्या सेवाकार्याला वर्गणी, मदतवाहिनीसाठी निधी, यात त्यांची ती ताकद चांगल्या जागी लागते.

घटना जिथे घडली तिथे मात्र कुठलाही कार्यक्रम नको.

सोशल मीडियावर जे सुरू होतं ते कसं आवरायचं?

आवरता येत नाही, वळवता येतं. तरुणांपैकी दोघा-तिघांना विश्वासात घ्या, कुठल्या ग्रुपवर काय चाललंय हे त्यांनाच माहीत असतं. फोटो, व्हिडिओ, चिठ्ठीचा स्क्रीनशॉट फिरत असेल तर प्रत्येकाला वैयक्तिक मेसेज करून डिलीट करायला सांगा, 'हे त्याच्या आईने बघितलं तर' एवढं वाक्य बहुतेकांना पुरतं. गेलेल्याच्या प्रोफाइलवर लोक लिहितात, ते बंद पाडायची गरज नाही पण घरच्या कोणीतरी किंवा जवळच्या मित्राने रोज नजर टाकावी, कारण 'मी पण येतोय तुझ्याकडे' अशी ओळ तिथेच सापडते, आणि ती सापडली की ती लाइक करायची किंवा पुढे सरकायची गोष्ट नसते, त्या माणसाला त्याच मिनिटाला फोन करायचा असतो. पत्रकार आले तर ठरलेला एकच माणूस बोलेल, आणि हेल्पलाइनचा नंबर बातमीत टाका अशी विनंती करेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना आहेत, २०२३ मध्ये नव्याने आल्यात, त्या पुढे केल्या की चांगले पत्रकार ऐकतात.

घरच्यांना भेटायला गेल्यावर काय बोलू? मला भीती वाटते चुकीचं बोलेन.

म्हणून लोक जातच नाहीत, आणि घरच्यांना वाटतं आपल्याला वाळीत टाकलं. जा. 'काय बोलावं सुचत नाहीये, पण मी आलोय' हे पुरेसं आहे. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी चांगली आठवण सांगा, आईला आपल्या मुलाचं नाव ऐकायचं असतं आणि सगळे ते टाळत असतात. 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, त्या अवस्थेत कोणी सांगत नाही. मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणतो, बँकेचे कागद मी बघतो, असं ठरवूनच सांगा. 'आधी काही लक्षात आलं नाही का तुमच्या' हा प्रश्न मात्र तोंडातून कधीही निघता कामा नये, ते स्वतःला तोच प्रश्न रात्रभर विचारत असतात.

मला दुःखापेक्षा रागच येतोय. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. मी वाईट माणूस आहे का?

नाही. वर्षानुवर्षं ज्या घरात दर फोनला छातीत धस्स व्हायचं, रात्री उठून दार तपासायला लागायचं, तिथे सुटल्यासारखं वाटणं अगदी नैसर्गिक आहे, आणि त्याच माणसावर तुमचं जिवापाड प्रेमही असू शकतं. राग, अपराधी वाटणं, लाज, 'मी त्या दिवशी फोन उचलला असता तर', हे सगळं या दुःखात असतं, एकाच दिवसात सगळं येऊन जातं. महिनोन्महिने झोप नाही, खाणं नाही, कामावर जाता येत नाही, किंवा त्याच्याकडे जावंसं वाटतंय असं असेल तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरला भेटा.

त्याची खुर्ची, डेस्क, लॉकर यांचं काय?

रातोरात हलवू नका. काही दिवस राहू द्या, मग वर्गाला किंवा टीमला विचारून, आधी सांगून बदला. वस्तू घरच्यांना नीट ठेवलेल्या बॉक्समधून, ओळखीच्या माणसाने नेऊन द्यायच्या. ऑफिसमध्ये त्याचा ईमेल, पगाराचे कागद, विमा हे सगळं एकाच माणसाकडे द्या म्हणजे घरच्यांना दहा डिपार्टमेंटला तीच गोष्ट दहा वेळा सांगावी लागणार नाही, आणि हजेरीची यादी, वाढदिवसाचे ऑटोमॅटिक मेसेज, सगळीकडून नाव काढलंय ना हे तपासा. वर्षभराने 'हॅपी बर्थडे' असा मेल अख्ख्या टीमला गेला की काय होतं हे सांगायला नको.

कामावर किंवा शाळेत परत येणाऱ्या घरच्या माणसाशी कसं वागायचं?

यायच्या आधी त्यालाच विचारा, लोकांना काय सांगू, पहिल्या दिवशी लोकांनी तुझ्याशी बोललेलं चालेल की नको. मधेच बाहेर पडावंसं वाटलं तर कुठे जायचं ते ठरवून ठेवा. काम थोडं कमी करा, पण सगळं काढून घेऊ नका, काम हाच काहींचा आधार असतो.

मदत करणाऱ्यांचं काय? आम्हीच थकतो.

पोलीस, अँब्युलन्सवाले, काउन्सेलर, शिक्षक, आणि गेलेल्यावर उपचार करणारे डॉक्टर, यांना कोणी विचारत नाही. पेशंट गेल्यावर डॉक्टरसुद्धा तेच विचारतो, माझं काय चुकलं. टीममध्ये दोन दिवसांनी माणसं बदला, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं एकत्र बसा, आणि ज्याच्या घरात असंच काही पूर्वी झालंय त्याला पुढच्या फळीत राहायचं की नाही हे निवडू द्या.

सपोर्ट ग्रुपचा खरंच उपयोग होतो का?

बऱ्याच जणांना होतो, विशेषतः जिथे आत्महत्येने माणूस गमावलेलेच लोक एकमेकांना भेटतात, कारण तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यांनाच ग्रुप मानवत नाही, कोणाला एकट्याने काउन्सेलरकडे जाणं बरं वाटतं, आणि अगदी पहिल्या आठवड्यात ग्रुपमध्ये बसवू नका, इतरांची दुःखं ऐकायची ताकद तेव्हा नसते.

खरी अडचण वेगळी आहे. पत्रक हातात दिलं, नंबर दिला, आणि आपण म्हणतो की मदत उपलब्ध आहे, पण त्या अवस्थेतला माणूस फोन करत नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये फ्रँक कॅम्पबेल यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी वेगळी पद्धत सुरू केली. स्वतः याच दुःखातून गेलेले आणि ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक बातमी कळली की स्वतःहून त्या घरच्यांपर्यंत जायला लागले. ज्यांच्याकडे असं कोणी गेलं ते लोक मदतीपर्यंत बाकीच्यांपेक्षा लवकर पोचले. पुढे अशा टीम अनेक ठिकाणी उभ्या राहिल्या, ऑस्ट्रेलियातही घरच्यांशी आपणहून संपर्क करणारी सेवा आहे. या पानावरची एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, वाट बघू नका, तुम्ही जा, आणि पहिल्या वेळी 'नको' म्हणाले तर दोन आठवड्यांनी परत विचारा.

हे सगळं किती दिवस चालवायचं?

किमान दोन वर्षं. पहिला महिना घर माणसांनी भरलेलं असतं, तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं, आणि अनेकांना खरं दुःख तेव्हाच जाणवायला लागतं, बधिरपणा उतरतो म्हणून. वाढदिवस, सणवार, निकालाचा दिवस, त्याच्या बॅचचा निरोप समारंभ आणि वर्षपूर्ती या तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका आणि त्याच्या आठवडाभर आधी घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना फोन करा. कार्यक्रम ठेवायची गरज नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एका शनिवारी आत्महत्येने आप्त गमावलेल्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. ज्यांचे वडील आत्महत्येने गेले होते त्या सिनेटर हॅरी रीड यांनी १९९९ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये त्यासाठी ठराव आणला होता. काही कुटुंबांना त्या दिवशी इतरांना भेटून बरं वाटतं, काहींना नको असतं, विचारायला हरकत नाही.

प्लॅन कागदावर आलाय. आता पुढे?

एकदा एखादी काल्पनिक घटना घेऊन टीमने दोन तास बसून तो चालवून बघा, शनिवारी रात्री अकराला फोन आला असं धरा, कारण फोन ऑफिसच्या वेळेतच येतो असं नाही. तेव्हा कळेल की चावी कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही, किंवा पालकांच्या नंबरची यादी दोन वर्षं जुनी आहे. ते दुरुस्त करा. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं काढून नवी टाका, आणि छापील प्रत तीन जणांच्या घरी ठेवा.